विलंबाचे वजन

२०२१ साली गुरुग्राम येथील फोर्टिस मेमोरियल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एका २५ वर्षांच्या तरुणाच्या छातीतून १३.८५ किलोग्रॅम वजनाची गाठ काढण्यात आली. डॉ. उद्गीथ धीर यांच्या नेतृत्वाखालील चमूने केलेली ही शस्त्रक्रिया सुमारे चार तास चालली. रुग्णालयाने त्या वेळी दिलेल्या माहितीनुसार गाठीने छातीतील ९० टक्क्यांहून अधिक जागा व्यापली होती. हृदय तिच्याखाली झाकले गेले होते, दोन्ही फुप्फुसे जागेवरून सरकली होती आणि फुप्फुसांचा जेमतेम दहावा हिस्सा काम करीत होता. शस्त्रक्रियेपूर्वी दोन-तीन महिने तो तरुण पाठीवर आडवा होऊन झोपू शकला नव्हता. देशभरातील वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी 'जगातील सर्वांत मोठी छातीतील गाठ' या मथळ्याखाली ही बातमी दिली.

अशा बातम्या भारतात अधूनमधून येतच असतात. शहर बदलते, रुग्णालय बदलते, किलोग्रॅमचा आकडा बदलतो. मांडणी मात्र तीच राहते. हातमोजे घातलेल्या हातांतील गाठीचे छायाचित्र, चमूचे अभिनंदन आणि 'दुर्मीळ' हे विशेषण. अभिनंदनाबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. छातीतील अवाढव्य गाठ सुखरूप बाहेर काढणे हे शल्यचिकित्सेतील अवघड कामांपैकी एक आहे, आणि ते का अवघड आहे हे पुढे येईलच. प्रश्न आकड्याच्या अर्थाचा आहे. किलोग्रॅमचा हा आकडा चमूचे कौशल्य सांगतो, तसाच रुग्णाच्या आयुष्यातून निसटून गेलेला काळही सांगतो. मथळे पहिल्या अर्थापाशी थांबतात. विज्ञानाच्या वाचकाने दुसरा अर्थही वाचायला हवा, कारण देशाच्या आरोग्यव्यवस्थेविषयी बोलणारा अर्थ तोच आहे.

आधी 'सौम्य' या शब्दाकडे पाहू. गाठ सौम्य आहे असे रोगनिदानतज्ज्ञ म्हणतात तेव्हा ते पेशींच्या वर्तनाविषयी बोलत असतात. या पेशी शेजारच्या ऊतींत घुसत नाहीत, रक्तावाटे दूरच्या अवयवांत जाऊन तिथे नवी वस्ती करीत नाहीत, आणि त्यांची वाढ बहुधा संथ असते. हे वर्णन सूक्ष्मदर्शकाखालचे आहे. गाठ शरीरात कोठे बसली आहे, याविषयी ते काहीच सांगत नाही. दंडावरील चरबीची गाठ आयुष्यभर बाळगता येते. तेवढीच गाठ श्वासनलिकेशेजारी आली तर जिवावर बेतू शकते. छाती ही बरगड्या, उरोस्थी, पाठीचा कणा आणि श्वासपटल यांनी बंद केलेली पेटी आहे. त्या पेटीत नवी वस्तू शिरली की जुन्या वस्तूंना जागा सोडावी लागते. जागा सोडणारे अवयव कोणते, तर फुप्फुसे, हृदय आणि मोठ्या शिरा. पेशींच्या दृष्टीने सौम्य असलेली गाठ भूमितीच्या दृष्टीने घातक ठरू शकते, ती अशी.

छातीतील सौम्य गाठींचे प्रकार त्यांच्या पत्त्यावरून बऱ्याच अंशी ओळखता येतात. दोन फुप्फुसांच्या मधल्या भागाला मीडियास्टिनम म्हणतात. त्याच्या पुढच्या कप्प्यात, उरोस्थीच्या मागे, थायमस ग्रंथीच्या गाठी आणि टेराटोमा आढळतात. टेराटोमा ही वैद्यकातील एक विलक्षण गोष्ट आहे. भ्रूणावस्थेत कोणताही अवयव घडवू शकणाऱ्या पेशी चुकीच्या जागी राहून जातात आणि त्यांतून त्वचा, केस, चरबी, कूर्चा, कधी दातसुद्धा तयार होतात. अशी गाठ श्वासनलिकेत फुटली तर रुग्णाच्या खोकल्यातून केस पडतात. हे लक्षण अत्यंत विरळ, पण एकदा दिसले की निदानाबद्दल फारशी शंका उरत नाही. काही टेराटोमांत स्वादुपिंडासारखी ऊती असते, आणि तिच्यातून झरणारे पाचक रस शेजारच्या भिंती कुरतडतात. मागच्या कप्प्यात, कण्यालगत, मज्जातंतूंच्या आवरणातून उगवणाऱ्या श्वानोमासारख्या गाठी असतात. अशा गाठींपैकी सुमारे दहा टक्के दोन मणक्यांमधील छिद्रातून आत शिरतात आणि मुद्गलासारखा आकार घेतात: एक गोळा छातीत, एक मज्जारज्जूशेजारी, मध्ये बारीक मान. एमआरआय न करता ही गाठ छातीच्या बाजूने ओढली तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. फुप्फुसावरणातून उगवणारा सॉलिटरी फायब्रस ट्यूमर हा आणखी एक विरळा प्रकार. त्याचे वर्णन क्लेम्परर आणि रॅबिन यांनी १९३१ साली केले; त्याच्या मुळाशी एनएबी२ आणि एसटीएटी६ या दोन जनुकांचे जोडले जाणे आहे, हे मात्र २०१३ साली उलगडले.

या शेवटच्या गाठीची एक कथा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९३० साली डोगे आणि पॉटर या दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे असे रुग्ण वर्णिले, की ज्यांच्या छातीत गाठ होती आणि रक्तातील साखर वारंवार धोकादायक पातळीपर्यंत उतरत होती. कारण पुढे कळले. अशा काही मोठ्या गाठी इन्सुलिनसारखे काम करणारा वाढघटक रक्तात सोडतात. मधुमेह नसलेला माणूस पहाटे साखर उतरून बेशुद्ध पडतो, आणि कारण असते छातीत. काहींची बोटांची टोके फुगतात, सांधे दुखतात, आणि सांधेदुखीचे उपचार वर्षानुवर्षे चालू राहतात. गाठ काढली की साखर पूर्ववत होते, सांधेही बहुधा शांत होतात. एका यांत्रिक कृतीने रसायनाचा बिघाड दुरुस्त होण्याची अशी स्वच्छ उदाहरणे वैद्यकात थोडीच आहेत.

आता वजनाकडे वळू. मानवी ऊतीची घनता पाण्याच्या जवळपास असते, म्हणून १३.८५ किलोची गाठ म्हणजे साधारण १४ लिटर आकारमान. निरोगी प्रौढ पुरुषाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून पूर्ण श्वास घेतल्यावर सुमारे ६ लिटर हवा मावते. त्याच्या दुपटीहून मोठी वस्तू छातीत सामावते, याचाच अर्थ बरगड्या फाकलेल्या असतात आणि श्वासपटल खाली ढकललेले असते. ही गाठ गोल मानली तर तिचा व्यास सुमारे ३० सेंटिमीटर भरतो. एक सेंटिमीटर व्यासाच्या गाठीचे वजन असते अर्धा ग्रॅम. अर्ध्या ग्रॅमपासून १३.८५ किलोपर्यंत पोहोचायला गाठीला सुमारे १५ वेळा दुप्पट व्हावे लागते.

या १५ पायऱ्यांमध्ये एक मधली पायरी महत्त्वाची आहे. पाच सेंटिमीटर व्यासाची गाठ छातीच्या साध्या एक-रे चित्रात बहुधा दिसते. तिचे वजन असते सुमारे ६५ ग्रॅम, म्हणजे एका लहान पेरूएवढे. अर्ध्या ग्रॅमपासून तिथपर्यंत सात दुपटी होतात, तिथून १३.८५ किलोपर्यंत जवळजवळ आठ. म्हणजे निम्म्याहून अधिक पायऱ्या गाठ चढली ती एक्स-रेला दिसू शकत असताना. हा हिशेब ढोबळ आहे. गाठी घड्याळाच्या ठोक्यावर दुप्पट होत नाहीत, आणि टेराटोमासारख्या गाठींत द्रव साचून आकार एकदम वाढू शकतो. पण सौम्य गाठीची दुप्पट होण्याची गती महिन्यांत किंवा वर्षांत मोजावी लागते, हे ध्यानात घेतले तर निष्कर्ष टळत नाही. अवाढव्य सौम्य गाठीमागे बहुधा असा मोठा काळ असतो, की ज्यात ती पाहता आली असती आणि कोणी पाहिले नाही.

ती इतका काळ गप्प का राहते? एक कारण शरीराच्या उदारपणात आहे. फुप्फुसांची क्षमता रोजच्या गरजेहून कितीतरी अधिक असते. बसून काम करणाऱ्या माणसाचे एक फुप्फुस हळूहळू निकामी झाले तरी त्याला ते फारसे जाणवत नाही. फुप्फुसाच्या गाभ्याला वेदनाही कळत नाही. जिना चढताना दम लागतो तेव्हा वय, वजन, धूळ, धूम्रपान अशी सोपी कारणे हाताशी असतात. दुसरे कारण भौतिकीचे आहे. अरुंद नळीतून द्रव किंवा वायू संथपणे वाहतो तेव्हा त्याला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या एक दशांशाने घटली तर विरोध सुमारे दीडपट होतो. निम्मी झाली तर सोळापट. श्वासनलिका हळूहळू दबत असते तेव्हा रुग्णाला बराच काळ फारसा फरक कळत नाही, आणि मग थोड्याच आठवड्यांत सारे बिघडते. घरच्यांना वाटते आजार अचानक आला. तो अचानक आलेला नसतो. समीकरणाचा उतार तिथे तीव्र झालेला असतो.

आडवे होता न येणे याचाही उलगडा शाळेतल्या द्रवस्थितिकीतून होतो. माणूस बसलेला असताना गाठीचा भार मुख्यतः श्वासपटलावर येतो. तो पाठीवर निजला की पुढच्या कप्प्यातील गाठ हृदयावर आणि मोठ्या शिरांवर टेकते. पंधरा सेंटिमीटर जाडीच्या ऊतीचा दाब पंधरा सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा, म्हणजे सुमारे ११ मिलिमीटर पारा. बरगड्या त्यातील काही भार झेलतात, पण तुलना पाहण्यासारखी आहे. महारोहिणीतील सरासरी दाब ९० मिलिमीटरच्या आसपास असतो. तिला हा भार जाणवत नाही. हृदयाच्या उजव्या कप्प्यातील दाब मात्र जेमतेम २ ते ६ मिलिमीटर असतो. त्यामुळे शरीरातून परतणारे रक्त हृदयाच्या दाराशीच अडते. चेहरा आणि मान सुजते, आणि रुग्ण रात्र उशांना टेकून, पुढे वाकून काढतो. 'झोपताना श्वास कोंडतो म्हणून बसून झोपतो' हे वाक्य दवाखान्यात ऐकू आले की ते वृद्धाचे असो वा पंचविशीतल्या तरुणाचे, छातीचे चित्र काढण्यासाठी तेवढे कारण पुरेसे आहे.

शस्त्रक्रियेचा सर्वांत नाजूक क्षणही याच भौतिकीतून येतो, आणि तो चाकूच्या आधीचा आहे. माणूस स्वतः श्वास घेतो तेव्हा छातीत ऋण दाब निर्माण होतो आणि तो छातीतील श्वासनलिकेला उघडे ठेवायला मदत करतो. भूल देताना स्नायू शिथिल केले की हा आधार जातो, आणि आडव्या रुग्णाच्या श्वासनलिकेवर गाठ बसते. घशातून घातलेली नळी जिथे संपते त्याच्याही खाली अडथळा असेल तर हवा पोहोचवण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून अनुभवी भूलतज्ज्ञ रुग्णाचा स्वतःचा श्वास शक्य तितका वेळ चालू ठेवतात, त्याला अर्धवट बसवून भूल देतात, आणि काही वेळा जांघेतील रक्तवाहिन्या आधीच मोकळ्या करून हृदय-फुप्फुसांचे काम बाहेरून करणारे यंत्र शेजारी सज्ज ठेवतात. त्यानंतर छाती उघडायची. मोठ्या गाठीसाठी उरोस्थी मधोमध चिरावी लागते किंवा दोन्ही बाजूंच्या बरगड्यांमधून आडवा छेद घेऊन छाती शिंपल्यासारखी उघडावी लागते. गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या शोधून बांधायच्या. श्वासपटल हलवणारी मज्जातंतूची दोरी गाठीवर ताणून पसरलेली असते, ती सांभाळायची. गाठ निघाल्यावरही संकट संपत नाही. दीर्घकाळ मिटलेले फुप्फुस एकाएकी फुलले तर त्यात पाणी भरू शकते. त्यामुळे हे फुगवणेही संथपणे करावे लागते.

हीच गाठ पाच सेंटिमीटरची असताना सापडली असती तर? बहुतेक वेळा बरगड्यांमधील दोन-तीन लहान छिद्रांतून, दुर्बिणीच्या किंवा यंत्रमानवाच्या साहाय्याने ती काढता येते. रुग्ण काही दिवसांत घरी जातो. यंत्र शेजारी सज्ज ठेवावे लागत नाही, रक्ताच्या पिशव्यांची धावपळ होत नाही, आणि बातमीही होत नाही. सौम्य गाठीचे भाग्य असे, की ती संपूर्ण निघाली की रुग्ण बहुधा कायमचा बरा होतो. पक्व टेराटोमावर किरणोपचार वा केमोथेरपी चालत नाही. शस्त्रक्रिया हाच उपचार, आणि तो पुरेसा असतो. इतका खात्रीचा उपचार उपलब्ध असताना केवळ उशिरामुळे तो जोखमीचा व्हावा, ही खरी खंत आहे.

उशीर कोठे होतो? भारतात छातीच्या आजाराचे पहिले नाव क्षय. ते स्वाभाविकही आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश याच देशात आहेत. छातीच्या शल्यचिकित्सेचा इथला इतिहासही क्षयातूनच सुरू होतो. १९४०च्या दशकाच्या अखेरीस रीव्ह बेट्स यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये ज्या विभागाचा पाया घातला, त्याच्यापुढचे मोठे काम क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसांचे होते. परंतु याच सवयीची दुसरी बाजू अशी, की खोकला, दम आणि छायाचित्रातील पांढरा डाग यांचा अर्थ अनेकदा थुंकीचा पुरावा मिळण्याआधीच क्षय असा लावला जातो. छातीतील गाठ असलेला रुग्ण काही महिने क्षयाची औषधे घेऊन आलेला असतो, हे छातीच्या शल्यचिकित्सकांना नवे नाही. औषधाने डाग गेला नाही की रुग्णाचा धीर सुटतो. तो डॉक्टर बदलतो किंवा दवाखान्यात जाणेच सोडतो. गाठ मात्र आपल्या गतीने वाढत राहते.

दुसरा उशीर पैशाच्या रचनेत आहे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण देते. गरीब घरातील रुग्णाची छातीची मोठी शस्त्रक्रिया आज होऊ शकते, यात अशा योजनांचा वाटा मोठा आहे. पण योजनेची रचना दाखल रुग्णासाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातील तपासण्यांचा भार सामान्यतः ती उचलत नाही, आणि दाखल होण्यापूर्वीचे मोजके दिवसच तिच्या कक्षेत येतात. गाठ शोधणारा सीटी स्कॅन दाखल होण्याच्या कितीतरी आधीचा असतो. उपचार मोठा झाला की सरकार पैसे देते; तो लहान ठेवू शकणारी तपासणी रोजंदारीवरील माणसाने स्वतः करायची. या विसंगतीचा परिणाम अखेर सरकारी तिजोरीवरच होतो, कारण अतिदक्षता विभागातील दिवस सीटी स्कॅनहून महाग असतात.

तिसरी अडचण मोजणीची आहे. मुंबईत १९६३पासून कॅन्सरची लोकसंख्याधारित नोंदवही आहे, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८०च्या दशकाच्या आरंभापासून चालतो. या नोंदवह्या मुळात घातक गाठींसाठी आहेत. छातीतील सौम्य गाठ तिथे येत नाही. ती 'लंग इंडिया' किंवा छाती-हृदय शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात एकट्या रुग्णाचा वृत्तांत म्हणून छापून येते, नाहीतर वृत्तपत्रात विक्रम म्हणून. किती रुग्ण, कोणत्या जिल्ह्यांतून, पहिल्या लक्षणापासून किती काळाने शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचले, या प्रश्नांना उत्तर देणारी देशव्यापी वही नाही. जे मोजले जात नाही त्याचा विक्रमही अधांतरीच असतो. 'जगातील सर्वांत मोठी' हा दावा ज्या यादीशी पडताळून पाहायचा, ती यादी विखुरलेल्या वृत्तांतांतून उभी राहिलेली असते.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळू नये. हे आजार विरळ आहेत. विरळ आजारासाठी कोट्यवधी निरोगी लोकांची छाती तपासत सुटणे हा शहाणपणा नाही. निरुपद्रवी डाग सापडतील, त्यांच्यामागे सीटी स्कॅन, सुईने तुकडा काढणे आणि विनाकारण भीती येईल. ज्या गाठीने कधीच त्रास दिला नसता तिच्यासाठीही कोणी शस्त्रक्रिया सुचवील. हा आक्षेप बरोबर आहे. छातीतील प्रत्येक गाठ शल्यचिकित्सकाची असतेच असेही नाही. लिम्फोमा हा त्याच पुढच्या कप्प्यात वाढणारा कर्करोग बहुधा औषधांनी वितळतो. तिथे घाईची मोठी शस्त्रक्रिया निरर्थक ठरते. रक्तातील खुणा आणि ऊतीची तपासणी यांशिवाय निर्णय घेऊ नये, हा नियम त्यामुळेच आहे. म्हणून मागणी सरसकट नवी चित्रे काढण्याची नाही. जी चित्रे आधीच काढली जात आहेत, ती पूर्ण वाचण्याची आहे.

आणि अशी चित्रे आता मोठ्या संख्येने काढली जात आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षय सर्वेक्षणात असे आढळले, की छातीचा एक्स-रे काढला नसता तर ४२.६ टक्के क्षयरुग्ण निसटले असते, कारण त्यांना विचारण्याजोगी लक्षणेच नव्हती. हा निष्कर्ष क्षयापुरता असला तरी त्याचा धडा व्यापक आहे: छाती गप्प राहू शकते, आणि तिला बोलते करायला साधे चित्र पुरते. त्यानंतर ७ डिसेंबर २०२४ रोजी ३४७ जिल्ह्यांत १०० दिवसांची क्षयशोध मोहीम सुरू झाली. हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रे वस्त्यांपर्यंत गेली, आणि चित्र वाचायला कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली जाऊ लागली. एका चित्रातून शरीराला मिळणारा किरणोत्सार ०.१ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहूनही कमी असतो. निसर्गातून साधारण पंधरवड्यात मिळतो तेवढा. ज्या गावात कधी एक्स-रे पोहोचला नव्हता तिथे तो पोहोचणे, ही भारतीय सार्वजनिक आरोग्यातील मोठी घटना आहे.

पण मोहिमेचा प्रश्न एकच असतो: क्षय आहे की नाही? उत्तर 'नाही' आले की चित्राचे काम संपते. धोका नेमका इथे आहे. ज्या चित्रात क्षय नाही पण उरोस्थीमागे रुंद सावली आहे, किंवा कण्यालगत गुळगुळीत गोल कडा आहे, त्या चित्राच्या मालकाला 'तुम्हाला क्षय नाही' एवढेच सांगितले गेले तर त्याचा अर्थ तो 'मला काही नाही' असाच घेईल. पुढच्या दोन-तीन दुपटी तो या आश्वासनाच्या भरवशावर काढील. तपासणीच झाली नसती तर निदान शंका तरी शिल्लक राहिली असती.

यावर करायच्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. क्षयमोहिमेतील प्रत्येक चित्राच्या अहवालात 'क्षय', 'निरोगी' यांच्याबरोबर 'क्षय नाही, पण तज्ज्ञाने पाहावे' असा तिसरा रकाना असावा, आणि त्या रकान्यातील माणूस जिल्हा रुग्णालयातील ठरलेल्या व्यक्तीपर्यंत पोहोचला की नाही याची नोंद व्हावी. चित्र वाचणाऱ्या संगणकप्रणाली गाठी व रुंदावलेले मीडियास्टिनम ओळखायला शिकू शकतात. त्यांना फक्त क्षयापुरते प्रश्न विचारणे हा यंत्राचा नव्हे, विचारणाऱ्याचा संकोच आहे. अशा रुग्णाचा सीटी स्कॅन, दाखल न होताही, सरकारी विम्याच्या कक्षेत यावा. क्षयाची औषधे सुरू करून ठरावीक मुदतीत चित्र सुधारले नाही तर निदानाचाच फेरविचार व्हावा. आणि छातीतील सौम्य गाठींची एक राष्ट्रीय नोंदवही सुरू व्हावी. गाठी विरळ असल्यामुळेच ती वही आटोपशीर राहील. सॉलिटरी फायब्रस ट्यूमरसारख्या काही गाठी शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांनीही परत उगवू शकतात; एवढ्या काळाची स्मृती एकट्या रुग्णालयाला झेपत नाही, देशाच्या नोंदवहीला झेपू शकते.

मनुष्यबळाचा प्रश्न यांहून कठीण आहे. भारतातील एम.सीएच. अभ्यासक्रम हृदय, छाती आणि रक्तवाहिन्या यांना एकत्र बांधतो, आणि त्यात हृदयाकडे ओढा अधिक असणे समजण्यासारखे आहे. रुग्णसंख्या, प्रतिष्ठा आणि मिळकत तिकडेच आहे. फुप्फुसे व मीडियास्टिनम यांना वाहून घेतलेले शल्यचिकित्सक थोडे, आणि तेही बहुतांशी महानगरांत. ही दरी एका योजनेने भरणार नाही. परंतु लहान गाठींचे रुग्ण वेळेत येऊ लागले तर जिल्ह्याजवळच्या वैद्यकीय महाविद्यालयांतही हे काम वाढेल आणि तिथेच ते शिकवले जाईल. अवाढव्य गाठीवर कोणी शिकत नाही. तिथे ज्येष्ठ हातच लागतात.

वृत्तांकनातही एक लहान सुधारणा शक्य आहे. गाठीचे वजन छापताना आणखी दोन आकडे छापावेत: पहिले लक्षण केव्हा जाणवले, आणि छातीचे पहिले चित्र केव्हा निघाले. रुग्णाचे नाव किंवा छायाचित्र त्यासाठी लागत नाही. हे दोन आकडे रुग्णालयाच्या कागदपत्रांत असतातच. ते वजनाशेजारी छापले गेले की वाचकाला कौशल्य आणि विलंब दोन्ही एका नजरेत दिसतील, आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पुढचा रुग्ण तपासताना काय विचारायचे हे कळेल. भारतीय छाती-शल्यचिकित्सेची प्रगती त्या दोन तारखांमधील अंतर कमी होण्यावरून मोजता येईल.